बांध कोठे घालावा?

युनिक्स कुळातील संगणकाच्या पडद्यावर खिडक्या उघडाव्यात, माउसबरोबर बाण सरकावा आणि कळ दाबताच अक्षर उमटावे, हा सारा कारभार अनेक वर्षे जिने सांभाळला ती एक्स विंडो सिस्टिम १९८४ साली अमेरिकेतील एमआयटीत जन्मास आली. आणि १९८७ साली तिची अकरावी आवृत्ती निघाल्यानंतर तिचा सोर्स कोड एकाच अखंड दप्तरात वाढत गेला. त्या दप्तरात सर्व्हर होता, लायब्ऱ्या होत्या, फॉन्ट होते, ग्राफिक्स कार्डांचे ड्रायव्हर होते. इतकेच काय, पडद्यावर घड्याळ दाखविणारा एक चिमुकला प्रोग्रामही होता. ड्रायव्हरमधील चार ओळींची दुरुस्ती सिद्ध असली तरी ती प्रसृत होण्यास संपूर्ण प्रणालीच्या पुढील आवृत्तीची वाट पाहावी लागे. नवशिक्यास उंबरठ्यावरूनच परतविणारा हा रिवाज होता, आणि दप्तराच्या आकारापेक्षा हाच दोष मला अधिक गंभीर वाटतो.

म्हणून या अखंड दप्तराची स्वतंत्र भागांत वाटणी करण्याचे ठरले, परंतु बांध कोठे घालावा? सर्व्हर आणि लायब्ररी ज्या भाषेत परस्परांशी बोलतात त्या प्रोटोकॉलच्या व्याख्या दोघांनाही लागतात. म्हणून त्या सामाईक विहिरीसारख्या वेगळ्या राखल्या गेल्या, आणि आधी त्या, मग लायब्ऱ्या, मग सर्व्हर, शेवटी ड्रायव्हर असा बांधणीचा क्रम लागला.

यानंतर या प्रणालीचा कारभार पाहणाऱ्या एक्स.ऑर्ग फाउंडेशनने जे केले ते मला विलक्षण विवेकाचे वाटते. २१ डिसेंबर २००५ रोजी त्यांनी एकाच सोर्स कोडच्या दोन आवृत्त्या प्रसिद्ध केल्या: ६.९ ही जुन्या पद्धतीची, अखंड, ७.० ही विभक्त. एखादा बिघाड केवळ दुसरीतच आढळला, तर कोड निर्दोष असून वाटणीत चूक झाली आहे, असा निवाडा करणे त्यामुळे सुकर झाले.

वाटणीचा भुर्दंडही पडला. कोणत्या सर्व्हरशी कोणता ड्रायव्हर जुळतो, याचा हिशेब आता स्वतंत्रपणे ठेवणे भाग होते. म्हणून परस्परांशी जुळणाऱ्या भागांचा एकत्रित संच अधूनमधून जाहीर होई, आणि एका जपानी व्हिडिओ गेमवरून त्यास ‘कातामारी’, म्हणजे गोळा, असे नाव पडले होते. २०१२ मधील ७.७ हा अशा संचांपैकी अखेरचा. त्यानंतर सर्व्हर आपल्या सवडीने निघतो, लायब्ररी आपल्या सवडीने. आणि घड्याळाचा तो चिमुकला प्रोग्राम ज्यास सुधारावयाचा असेल, तो सोर्स कोड उतरवून घेतो तो केवळ घड्याळाचाच.