अर्ध्या वाटेवरचं स्टेशन

इंग्लंडच्या यॉर्कशर किनाऱ्यापासून १२० किलोमीटर आत, उत्तर समुद्रात हॉर्नसी वनच्या १७४ पवनचक्क्या उभ्या आहेत. एकेक ७ मेगावॉटची, सगळ्या मिळून १,२१८. फोटो छापून येतात ते त्यांचे. पण या सगळ्या खटाटोपातलं खरं नवल किनाऱ्याच्या वाटेवर, भर समुद्रात एकट्याच उभ्या असलेल्या एका स्टेशनात आहे. तिथे वीज तयार होत नाही, वापरली जात नाही, तिचा दाबही चढवला जात नाही. मग ते हवं कशाला?

चक्क्यांची वीज समुद्रातल्याच तीन सबस्टेशनांवर गोळा होते, २२० किलोव्होल्टवर चढते आणि तळाशी पुरलेल्या तीन केबल्समधून निघते. मनोऱ्यावरच्या लाइनीला भोवती मोकळी हवा असते. केबलमध्ये मात्र तार आणि बाहेरचं धातूचं कवच यांच्यात काही सेंटिमीटर इन्सुलेशन, बस्स. दोन धातू आणि मध्ये इन्सुलेशन म्हणजे झाला की कपॅसिटर, आणि तोही शंभरावर किलोमीटर लांबीचा! ५० हर्ट्झच्या एसीवर तो सेकंदाला शंभरदा भरतो नि रिकामा होतो. त्यासाठी लागणारा चार्जिंग करंट लांबीबरोबर वाढत जातो आणि एका अंतरानंतर केबलची सगळी कुवत तोच खातो. एसटीच्या सगळ्या सीट कंडक्टरांनीच अडवाव्यात, तशातली गत. उपाय रिअ‍ॅक्टरचा. या अजस्र वेटोळ्याचा करंट कपॅसिटरच्या नेमका उलट चालतो आणि दोघांचा हिशेब तिथल्या तिथे मिटतो. एरवी रिअ‍ॅक्टर केबलच्या टोकांना बसवतात. हॉर्नसीला टोकं पुरली नाहीत, म्हणून वाटेत हे स्टेशन बांधावं लागलं. समुद्रातलं असं जगातलं पहिलंच.

हे गणित किती नाजूक असतं, ते ९ ऑगस्ट २०१९ च्या संध्याकाळी दिसलं. लंडनच्या उत्तरेला एका लाइनीवर वीज कोसळली. तसा नेहमीचाच प्रकार. पण व्होल्टेज सावरताना हॉर्नसीची नियंत्रण यंत्रणाच हेलकावे खाऊ लागली आणि ७३७ मेगावॉट क्षणात गेले. त्याच सुमारास लिटल बारफर्डचं गॅसवरचं वीजकेंद्रही ट्रिप झालं. फ्रिक्वेन्सी ४८.८ हर्ट्झपर्यंत घसरली, सुमारे ११ लाख ग्राहक अंधारात गेले, लोकलगाड्या जागीच थांबल्या. हॉर्नसीतला दोष पुढे सॉफ्टवेअर बदलून काढला गेला.

तिथून जवळच्याच डॉगर बँक पवनक्षेत्रात ही कटकट मुळातच टाळली. अंतर १३० किलोमीटर, पण वीज ±३२० किलोव्होल्ट डीसीने येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती पहिल्यांदा किनाऱ्यावर पोचली. डीसीत केबल एकदाच भरते, मग चार्जिंग करंट उरतच नाही. मात्र दोन्ही टोकांना कन्व्हर्टर लागतात. ते महागडे, आणि त्यातला एक भर समुद्रात! म्हणून जवळच्या चक्क्यांना अजून एसीच परवडतं.

डीसी आपल्याला नवी नाही. चंद्रपूर ते पडघे ७५२ किलोमीटरची ±५०० किलोव्होल्टची लाइन १९९० च्या दशकाअखेर उभी राहिली. पण तिथल्या कन्व्हर्टरमधले थायरिस्टर चालायला दोन्हीकडे भक्कम एसी ग्रिड लागते. चंद्रपूरला औष्णिक केंद्राचे संच आहेत, समुद्रात कोण आहे? म्हणून तिथे ट्रान्झिस्टरचे कन्व्हर्टर बसवतात, जे ५० हर्ट्झची एसी स्वतःच घडवतात. पवनक्षेत्र पहिल्यांदा सुरू करताना तर वीज उलटी, जमिनीवरून समुद्रात पाठवावी लागते. त्यावर ट्रान्सफॉर्मर चार्ज होतात, पाती वाऱ्याला धरतात, आणि मगच प्रवाहाची दिशा बदलते.