अन्नपूर्णांची कल्याणमित्र : प्रेमाताई पुरव

आमच्या तुर्भ्याच्या वस्तीतील महिला मंडळाची बैठक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बुद्धविहारात भरते. त्रिसरण-पंचशील झाले की बचतीचे पैसे गोळा होतात, वहीत सह्या होतात, कुणाचा हप्ता राहिला त्याची चर्चा होते. मी कारकून माणूस, त्यामुळे वह्या तपासण्याचे काम माझ्याकडे आलेले आहे.

या मंडळात एक मावशी आहेत. वय पासष्टच्या पुढे. एपीएमसी मार्केटमधल्या माथाडी कामगारांना त्या डबे पुरवतात. चार चपात्या, भाजी, आमटी-भात, डब्याचे ८० रुपये. त्यांची डब्यांची वही मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा थक्क झालो. डब्यामागे किराणा-भाजी ५०, गॅस ८, पोचवणाऱ्या मुलाचे ५. उरले १७. चोवीस डब्यांचे ४०८. इथपर्यंत कुणीही लिहील. पण त्यापुढे त्यांनी आणखी एक रकाना आखला होता. त्याचे नाव 'माझी मजुरी'. त्यात रोज ३०० रुपये मांडलेले, आणि मग शेवटी 'नफा १०८'.

बैठकीतल्या दोन-तीन भगिनी हसल्या. "घरच्या बाईची कसली आली मजुरी?" असे एकजण म्हणाली. मावशी शांतपणे म्हणाल्या, "माझा घाम फुकटचा नाही बाई. हे मी परळला शिकले."

परळला म्हणजे कुठे, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले. लग्न होऊन त्या गिरणगावात आल्या तेव्हा त्यांच्या सासूबाईंची खाणावळ होती. सासूबाई अन्नपूर्णा महिला मंडळाच्या सभासद झाल्या होत्या, आणि त्यांच्या पदराला धरून ही नवी सूनही बैठकांना जाऊ लागली होती. त्या मंडळाच्या संस्थापक प्रेमाताई पुरव २०२४ साली आपल्यातून गेल्या. त्यांना पद्मश्री मिळाली होती, ती २००२ साली. पण आमच्या वस्तीत त्यांची ओळख आहे ती या वहीतल्या रकान्यामुळे.

गिरणगावातली न मोजलेली बाई

आजच्या पिढीला खाणावळ म्हणजे रस्त्यावरचे हॉटेल वाटते. गिरणगावातली खाणावळ वेगळी होती. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार बायकामुले गावी ठेवून इथे राहायचा. एका खोलीत दहा-पंधरा गडी, पाळीप्रमाणे झोपायचे. त्यांच्या जेवणाचे काय? तर चाळीतलीच एखादी बाई आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत पहाटेपासून चूल पेटवून दोन्ही वेळचे रांधायची. तिचे पैसे पगार झाला की मिळायचे. तोवर वाण्याकडे उधारी. उधारी थकली की सावकार, आणि सावकाराकडे आधी मणी जायचे, मग भांडी.

अशा हजारो बाया होत्या. पण गिरणीच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नव्हते, युनियनच्या पावतीबुकात नव्हते, बँकेच्या खातेवहीत तर नव्हतेच. कामगार जिच्या जेवणावर उभा होता, तिला कुणी कामगार म्हणत नव्हते.

प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या. कोवळ्या वयात गोवामुक्तीच्या लढ्यात उतरल्या आणि पुढे मुंबईत येऊन कम्युनिस्ट चळवळीत, कामगार संघटनेत काम करू लागल्या. १९७३-७४ च्या गिरणी संपात त्यांनी एक गोष्ट पाहिली. पगार बंद असतानाही खाणावळवाल्या बायांनी कामगारांचे ताट बंद केले नाही. उधारीवर जेवू घातले. संप मिटल्यावर कामगारांच्या पदरात काही ना काही पडले. या बायांच्या पदरात मात्र वाण्याचे देणे तेवढे राहिले. ज्यांच्या बळावर संप टिकला त्यांच्यासाठी आपण काय केले, हा प्रश्न इतर पुढाऱ्यांनाही पडू शकला असता. तो मनाला लावून घेऊन कामाला लागल्या त्या प्रेमाताई.

साठ रुपयांचा हिशेब

१९६९ साली १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. १९७२ साली सरकारने विभेदक व्याजदर योजना आणली. गरिबातल्या गरिबाला धंद्यासाठी वर्षाला फक्त चार टक्के व्याजाने कर्ज, अशी ती योजना. प्रेमाताईंचे पती दादा पुरव हे बँक कर्मचाऱ्यांच्या चळवळीतले नेते, त्यामुळे बँकेचे नियम घरातच समजत होते. १९७५ साली चौदा खाणावळवाल्यांना बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी १५०० रुपयांचे कर्ज मिळाले. अन्नपूर्णा महिला मंडळाची ती सुरुवात.

वाचक भगिनींनो, हा हिशेब जरा मांडून पाहा. दीड हजारांवर चार टक्के म्हणजे वर्षाचे जास्तीत जास्त ६० रुपये. सावकाराचा दर महिन्याला शेकडा दहा धरला, तर त्याच दीड हजारांचे एका महिन्याचे व्याज १५० आणि वर्षाचे १८०० रुपये. म्हणजे मुद्दलापेक्षा व्याज जास्त. बाई आयुष्यभर दुसऱ्याच्या पोटाला घालते आणि तिच्या घरातले भांडे जाते, ते का जाते, हे या दोन आकड्यांत दिसते.

पण चौदा बायांना कर्ज मिळणे सोपे नव्हते. तारण काय? जामीन कोण? बहुतेकींना सहीसुद्धा येत नव्हती. तेव्हा बायांचे गट केले गेले. एकीसाठी बाकीच्या उभ्या. एकीचा हप्ता चुकला तर गटाने तिच्या घरी जायचे, पण अपमान करायला नव्हे. नवरा आजारी आहे का, गिऱ्हाईक पळाले का, हे पाहायला. फॉर्म भरून देणे, बँकेच्या दारापर्यंत सोबत जाणे, साहेबासमोर न घाबरता बोलायला शिकवणे, ही सारी कामे कार्यकर्त्यांनी केली. चौदांच्या पुढे हजारो झाल्या, आणि या बाया कर्ज बुडवत नाहीत हे बँकांना कळून चुकले.

आपला संबंध काय?

कुणी विचारील, प्रेमाताई लाल बावट्याच्या कार्यकर्त्या. आपल्या साप्ताहिकात त्यांचे गुणगान कशाला? शिवाय 'अन्नपूर्णा' हे नाव देवीचे, आणि आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे.

मतभेद लपवण्याचे कारण नाही. गिरण्यांच्या विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नसत, कारण धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ होई. जास्त मजुरीचे खाते आपल्याला बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला आणि संपाच्या पुढाऱ्यांना जाब विचारला. तो इतिहास आपण विसरता कामा नये. पण त्याच बाबासाहेबांनी १९४२ साली नागपुरात भरलेल्या दलित महिला परिषदेत, समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, अशी कसोटी आपल्याला दिली. त्या कसोटीवर प्रेमाताईंचे काम लावून पाहा. नावाबद्दल म्हणाल तर, प्रेमाताईंनी ते मूर्तीला दिले नाही. चुलीच्या धुराने डोळे लाल झालेल्या बाईला दिले.

आणखी एक गोष्ट. भगवान बुद्धांनी कोलियांच्या नगरात दीघजाणू नावाच्या गृहस्थाला उपदेश केला, तो अंगुत्तर निकायात आहे. आम्ही संसारी माणसे, आमचे इहलोकीचे हित कशात आहे, असे त्याने विचारले. तथागतांनी चार गोष्टी सांगितल्या. कष्टाने आणि कौशल्याने आपला धंदा करणे, मिळवलेले राखणे, कल्याणमित्राची संगत, आणि आवक-जावक तोलून जगणे. बाकीच्या तीन गोष्टी आपल्या आयाबाया पिढ्यान्पिढ्या करीत आल्या. कष्टाला त्या कधी कमी पडल्या नाहीत, राखायला आणि तोलायलाही नाही. कमी पडला तो कल्याणमित्र. विभेदक व्याजदर योजनेतली किमान ४० टक्के कर्जे अनुसूचित जाती-जमातींना द्यावीत असा नियम होता. आपल्या किती वस्त्यांना तो माहीत होता? महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ साली निघाले. त्याच्या कचेरीची पायरी आपल्यातल्या किती विधवा भगिनी चढल्या? योजना कागदावर असते. बाईचा हात धरून तिला तिथवर नेणारे कुणी नसेल, तर ती तिथेच राहते.

तुर्भ्यातली परीक्षा

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बरेच कामगार गावी परतले आणि खाणावळींची गिऱ्हाइके गेली. मावशींच्या सासूबाईंची चूलही थंड झाली. कुटुंब खाडी ओलांडून तुर्भ्याला आले. याच नवी मुंबईत, वाशीला, अन्नपूर्णा महिला मंडळाचेही केंद्र उभे राहिले. तिथे स्त्रियांना प्रशिक्षण आणि अडचणीतल्या बाईला निवारा मिळू लागला. पुढे पुण्यात प्रेमाताईंच्या कन्या मेधाताई सामंत यांनी १९९३ पासून हेच काम वाढवले.

मावशींनी डबे सुरू केले ते नवरा गेल्यावर. पहिल्यांदा कर्ज मागायला गेल्या तेव्हा एका बँकेने त्यांना चार वेळा परत पाठवले. पाचव्या वेळी मंडळातल्या सात जणी सोबत गेल्या. काम झाले.

खरी परीक्षा नंतर आली. एका महिन्यात दोन गिऱ्हाइके पैसे द्यायला घरी आली. समोरच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर. ती पाहून दोघे काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांचे आणि त्यांच्यासोबतच्या चौघांचे डबे बंद झाले. सहा डबे गेले. हिशेब सरळ आहे. अठरा डब्यांचे ३०६. मजुरी ३००, नफा ६ रुपये.

मुलगा म्हणाला, तसबीर आतल्या खोलीत लावू, धंदा आहे. मावशींची दोन रात्री झोप उडाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती गोष्ट बैठकीत मांडली. काहींचे डोळे भरले, काही चिडल्या. मग एक जण म्हणाली, "रडून डबे येत नाहीत. प्रत्येकीने आपल्या माणसाला विचारा, कंपनीत कुणाला जेवण लागतं का." पंधरा दिवसांत चार डबे आले. उरलेले दोन डबे यायला पुढे कित्येक महिने गेले. तसबीर आहे तिथेच आहे.

मला त्या दिवशी कल्याणमित्र या शब्दाचा अर्थ कळला. प्रेमाताईंनी मावशींना पैसे दिले नव्हते. मावशींनी त्यांना पाहिले तेही बैठकीत, दुरून. पण एकीसाठी बाकीच्यांनी उभे राहायचे ही रीत परळहून तुर्भ्यापर्यंत आली, आणि ज्या भगिनीने कधी प्रेमाताईंचे नावही ऐकले नव्हते, तिच्या तोंडून बोलली.

आज काय करायचे?

हे सांगण्याचे कारण आहे. आज आपल्या वस्त्यांत गटकर्ज देणाऱ्या कंपन्यांचे लोक दर आठवड्याला येतात. तिथेही दहा बायांचा गट असतो, तिथेही एकीची जबाबदारी सगळ्यांवर असते. दिसायला पद्धत तीच. पण व्याज वर्षाला वीस टक्क्यांच्या वर, आणि एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या नऊ जणींना तिच्या दारात बसवले जाते. एकीचे कर्ज फेडायला दुसरे, दुसरे फेडायला तिसरे, अशा तीन-तीन पुस्तिका मी तपासल्या आहेत. त्यात धंद्यासाठी घेतलेले कर्ज फार थोडे. बाकी लग्न, दवाखाना, घरभाडे. गट तोच, पण त्यात मैत्री नसेल तर तोच गट गळफास होतो.

म्हणून माझी आपल्या महिला मंडळांना कळकळीची विनंती आहे. येत्या पौर्णिमेच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा. पहिली, धंदा करणाऱ्या प्रत्येक भगिनीच्या वहीत 'माझी मजुरी' हा रकाना आखा. मजुरी धरल्यावर नफा उरत नसेल तर तो धंदा आहे की वेठ, ते एकत्र बसून पाहा. दुसरी, कर्ज घेण्यापूर्वी वर्षाचे व्याज रुपयांत लिहून बैठकीत मोठ्याने वाचा. तिसरी, वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी प्रत्येकी एका भगिनीसोबत बँकेत जावे, एकदा नव्हे, काम होईपर्यंत. बाबासाहेबांच्या जयंतीला आपण वर्गणी देतो, ती द्यावीच. पण वर्षातला एक दिवस रजा टाकून एका बाईचा फॉर्म भरून देणे हीही वर्गणीच आहे.

गेल्या बैठकीत मावशींनी आपली जुनी वही एका नव्या सुनेच्या हाती दिली. ती पोळी-भाजी केंद्र काढणार आहे. तिने पहिल्याच पानावर रकाने आखले आणि मला विचारले, "काका, मजुरी किती धरू?"

प्रेमाताई पुरव यांना आम्हा तुर्भेकरांचे विनम्र अभिवादन. जयभीम!