सामंताचा हिरवा पोपट

‘शांतता! कोर्ट चालू आहे’वरचे मागचे टिपण वाचून मोझरीतल्या एका वाचकाने विचारले आहे, की त्या नाटकातल्या बेणारेबाईंना छळणाऱ्यांत सामंताला मोजायचे का? तो तर गावचा भोळा माणूस. प्रश्न छोटा आहे, पण माझ्या मते तेंडुलकरांचे हे नाटक या एका पात्रावर तोललेले आहे. बाकीच्यांचा उलगडा सोपा. सुखात्म्यांना खटले मिळत नाहीत, पोंक्षे इंटर नापास, काशीकर दांपत्य निपुत्रिक. आपल्या हरलेपणाचा वचपा काढायला त्यांना आपल्याहून खाली कोणीतरी हवेच होते. सामंताला असे काहीच टोचत नाही. बेणारे त्याच्याशीच सगळ्यात मोकळेपणाने बोलते.

आता घटनांचा क्रम पाहा. नाटक करणारी ही मंडळी सामंताच्या गावात आली आहेत ती रात्री अमेरिकेच्या अध्यक्षावर, जॉन्सनवर, अण्वस्त्रांबद्दल खोटा खटला चालवायला. साक्षीदाराचे काम करणारा रावते आजारी, म्हणून सामंताला उभे करायचे. त्याला कोर्ट कसे चालते ठाऊक नाही, तेव्हा त्याला समजावे म्हणून गंमत म्हणून आणखी एक खटला मांडतात आणि आरोपी करतात बेणारेला. म्हणजे शिकार सुरू होते ती सामंताच्या शिकवणीच्या निमित्ताने. पुढे त्याला साक्ष द्यायला सांगतात, तर याच्याजवळ सांगण्यासारखे काहीच नाही. मग तो हातातल्या स्वस्त कादंबरीतले प्रेमप्रकरण बेणारे आणि प्राध्यापक दामले यांच्या नावावर खपवतो. ते नेमके वर्मी बसते. खोटी साक्ष खरी निघते, आणि सामंत तर फक्त दिलेले काम चोख केल्याच्या समाधानात असतो.

यावर कोणी म्हणेल, त्याला माहीत नव्हते. सुरुवातीला नव्हते, हे कबूल. पण खेळ उलटल्यावर, बाईचा चेहरा उतरलेला दिसत असतानाही तो उठून ‘पुरे’ म्हणत नाही. दुसरा आक्षेप परिस्थितीचा: माणूस मुळात चांगला, पोटाची आग त्याला जनावर करते. आपल्या वऱ्हाडातल्याच उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०) त्याला उत्तर देते. कौतिकच्या घरात दारिद्र्य काही शिल्लक ठेवत नाही, तरी ती कोणाला ओरबाडत नाही. तिकडे कोर्टातली मंडळी खाऊनपिऊन सुखी. आणि भोळेपणा म्हणजेच चांगुलपणा असता, तर तुकडोजी महाराजांना गावासाठी ४१ अध्यायांची ग्रामगीता लिहावी लागली नसती. गावाचे दोष त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते. दुष्टपणाला दर वेळी दुष्ट माणूस लागत नाही, समोर आलेले काम न विचारता करणारा सज्जनही पुरतो. म्हणून सामंताला मोजायचेच. शेवटी धरा हवे तर, पण यादीत धरा.

१९६७ साली अरविंद देशपांडे यांनी हे नाटक रंगमंचावर आणले, बेणारे सुलभा देशपांडे यांची. शेवटी सगळे निघून जातात. सामंत मागे वळतो, पुतण्यासाठी घेतलेला कापडी हिरवा पोपट पडून राहिलेल्या बेणारेजवळ हलकेच ठेवतो, आणि तोही जातो.