पुस्तक वाचून झोप उडते तेव्हा

गेल्या महिन्यात पुलगावच्या माझ्या दवाखान्यात एक निवृत्त शिक्षिका आल्या. चार रात्री धड झोप नाही, छातीत धडधडते, जेवण जात नाही, अशी तक्रार. रक्तदाब पाहिला, कार्डिओग्राम काढला. सारे ठीक. "घरी काही घडलं का?" असे विचारले, तर म्हणाल्या, "घरी काही नाही. दया पवारांचं 'बलुतं' वाचतेय. पण पुस्तकानं कुणी आजारी पडतं का, डॉक्टर?"

'बलुतं' १९७८ साली आले. पुढे लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४), बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) आली. या पुस्तकांत भूक आहे, जातीमुळे वाट्याला आलेला अपमान आहे, आणि ते सारे भोगलेले आहे. काळ्या लोकांच्या गुलामीच्या कहाण्या वाचतानाही माणूस असाच हादरतो. हे दुःख आपल्या दुःखाच्या नात्यातले आहे, हे जोतीराव फुल्यांनी ओळखले होते. १८७३ सालचे 'गुलामगिरी' त्यांनी गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले.

शरीरात काय घडते?

हे पुस्तक आहे, हे आपल्याला कळत असते. तरी मेंदूतील भावनांची केंद्रे जागी होतात. ॲड्रेनलिन स्रवते, नाडी जलद होते, स्नायू ताठतात, पचन मंदावते. संकटात पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी निसर्गाने केलेली ही तयारी. रात्री अंथरुणावर वाचताना ती झाली, की झोप उडणारच. हा आजार नव्हे. दुसऱ्याचे दुःख आपल्यापर्यंत पोहोचल्याची ती खूण आहे.

मनाच्याही तऱ्हा असतात. कुणाला रडू येते, कुणाला राग. कुणी म्हणतो, "इतकं खरं कुठे असतं!" शंका काढली की मनाला तेवढीच सुटका मिळते. मीही तसेच केले होते. मग आठवले, लहानपणी आमच्या अंगणातल्या कोनाड्यात एक कानतुटका कप असे. लाकडे फोडायला येणाऱ्या माणसाला त्यातच चहा मिळे आणि तो कप त्यालाच विसळावा लागे. मी ते रोज पाहिले होते. त्या रात्री मलाही झोप आली नाही.

काही वाचकांची गोष्ट याहून वेगळी. एक तरुण मला म्हणाला, "आई जे कधी बोलली नाही, ते यात छापलंय." त्याच्यासाठी हे घरचेच दुःख होते. अशा माणसाला "पुस्तकच आहे, सोडून दे" असे म्हणू नये. शांतपणे ऐकून घ्यावे.

काय करावे?

१. अशी पुस्तके दिवसा वाचावीत, थोडी थोडी. थांबणे म्हणजे पळ काढणे नव्हे.

२. धडधड झाल्यास पुस्तक मिटून सावकाश श्वास घ्यावा, त्याहून सावकाश सोडावा. चार पावले फिरून यावे.

३. वाचलेले कुणाशी तरी बोलावे. मुलांना असे पुस्तक दिल्यास आपणही वाचावे, म्हणजे त्यांच्या प्रश्नांना उत्तर देता येते.

४. मनाने झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत.

५. झोप, भूक, कामातले लक्ष दोन आठवड्यांत पूर्ववत झाले नाही, किंवा स्वतःवर गुदरलेले जुने प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येऊ लागले, तर डॉक्टरांना भेटावे. जगणे नकोसे वाटल्यास एक दिवसही थांबू नये. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो, मराठीतही.

बाईंना मी औषध दिले नाही. दुपारी वाचा आणि रोज कुणाशी तरी त्यावर बोला, एवढेच सांगितले. परवा त्या भेटल्या. झोप लागते आहे, पुस्तक पूर्ण झाले आहे. ते आता सूनबाई वाचते आहे आणि संध्याकाळी दोघी त्यावर बोलत बसतात.