मे महिन्यात गेम का अडखळतो

माहूरच्या एखाद्या घरात गेमिंग पीसी असेल तर त्याला ऋतू बरोबर कळतात. तोच गेम, तेच सेटिंग, तेच ग्राफिक्स कार्ड. जानेवारीत सुरळीत पळतं आणि मे महिन्यात भर दुपारी अर्ध्या तासात अडखळायला लागतं. मग व्हायरसवर खापर फुटतं, विंडोज नव्याने टाकलं जातं, कुणी कॅबिनेट गाडीत घालून नांदेडला दाखवून आणतं. पुष्कळदा दोष असतो तो खोलीतल्या हवेचा. पण आत काय चाललंय हे एकदा पाहिलं, की गेम अडखळतो कशाला यापेक्षा तो चालतो तरी कसा, याचंच नवल वाटू लागतं.

६० एफपीएस म्हणजे सेकंदाला ६० चित्रं. एका चित्राच्या वाट्याला आले १६.६७ मिलिसेकंद. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा ५,००० किलोमीटरच जातो. ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका पडेपर्यंत तर तो जेमतेम साडेसात सेंटिमीटर सरकतो, म्हणजे मदरबोर्डही ओलांडत नाही. फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. त्या प्रत्येकाचा रंग दर चित्रागणिक नव्याने ठरतो. सेकंदाला १२ कोटींहून जास्त निर्णय झाले.

चित्रं भराभर दाखवून हालचालीचा भास घडवणं आपल्याकडे नवं नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला, त्याआधी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ दिवसाला एक फ्रेम या गतीने टिपली होती. पण सिनेमाची चित्रं आधीच तयार असतात. गेममधलं पुढचं चित्र अजून अस्तित्वातच नसतं. तुम्ही माउस कुठे वळवता, यावर ते ठरायचं असतं.

हे चित्र दोघे मिळून करतात. प्रोसेसर गेममधल्या जगाचा हिशेब ठेवतो: कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, काय काढायचं. ग्राफिक्स कार्ड ते प्रत्यक्ष रंगवतं. एकीने पोळ्या लाटाव्यात आणि दुसरीने भाजाव्यात, तसा हा मामला. लाटणारी मागे पडली तर तवा रिकामा तापतो, भाजणारी मागे पडली तर लाटलेल्या पोळ्या साचतात. म्हणून एफपीएस कमी दिसले की नवं कार्ड घ्यायच्या आधी कोण कुणासाठी थांबलंय ते पाहावं. त्याची परीक्षा फुकट आहे. गेमचं रिझोल्यूशन एकदम खाली आणा. एफपीएस उसळले, तर अडचण ग्राफिक्स कार्डाची. जिथल्या तिथे राहिले, तर प्रोसेसरची, कारण ठिपके कमी झाल्याने त्याचं काम कमी होत नाही. जीटीए फाइव्हमध्ये गर्दीच्या रस्त्यावर गाडी घातली की ग्राफिक्स कार्ड आरामात आणि प्रोसेसर घामाघूम, हे अनेकांनी पाहिलं असेल.

काही दोष तर इतके साधे की हसू यावं. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या पोर्टात खोचलेली. मग हजारो रुपयांचं कार्ड आत बसून राहतं आणि प्रोसेसरमधलं किरकोळ ग्राफिक्स सगळा भार ओढतं. १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणून विंडोजमध्ये तो ६० वरच ठेवलेला. ३२०० ची रॅम घेतली, पण बायोसमध्ये एक्सएमपी ही वेगाची सेटिंग चालू न केल्याने ती २१३३ किंवा २४०० वर रांगतेय. वेगळं कार्ड नसेल तर एकाऐवजी दोन रॅमकांड्या लावल्याचा फरक डोळ्यांना दिसतो. डीडीआर४-३२०० ची एक कांडी सेकंदाला २५.६ गिगाबाइट देते, दोन चॅनेलवर ५१.२. कार्ड नसल्यावर चित्र रंगवणाऱ्याला हीच शिदोरी.

व्होल्टेजबद्दल मात्र गैरसमज फार. बाहेर व्होल्टेज पडलं म्हणून डेस्कटॉपचे एफपीएस घटत नाहीत. कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, चांगला असेल तर आत १२ व्होल्ट देत राहतो, आणि नाहीच झेपलं तर मशीन बंद पडतं. लॅपटॉपचं गणित वेगळं. लाइट गेली की तो बॅटरीवर येतो, आणि ग्राफिक्स कार्डाला लागणारे वॉट बॅटरीला पुरवता येत नाहीत. त्या क्षणी गेम निम्म्यावर आला तर लॅपटॉप बिघडलेला नसतो.

आता उन्हाळ्याकडे येऊ. पंखा आणि हीटसिंक कितीही भारी असोत, ते चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. हवेपेक्षा किती अंश वर ठेवायचं, एवढंच त्यांच्या हातात. समजा गेम चालू असताना चिप खोलीपेक्षा ६० अंश वर राहते. जानेवारीत खोली २५ वर, चिप ८५ वर. काही चिंता नाही. मे महिन्यात खोली ४२ वर गेली की हिशेब १०२ वर पोचतो. आजच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या घरात असते. तिथे पोचलं की चिप स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवते. सुरुवातीला गेम छान चालतो आणि मग ढेपाळतो, तो यामुळे.

त्यात धूळ. कॅबिनेट उघडून हीटसिंकवरचा पंखा काढून पाहा. पात्यांवरची धूळ पुसली जाते, पण खरी अडचण पंख्याच्या खाली, धातूच्या पापुद्र्यांच्या तोंडाशी असते: करड्या धुळीत केस आणि कापसाचे तंतू गुंतून झालेला जाड थर. कपाशीच्या मुलखात तो लवकर धरतो. बाहेरून दिसत नाही, पण हवा तिथेच अडते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग खराब होतं. चिप आणि हीटसिंक यांच्यातली पेस्ट काही वर्षांत वाळते, तीही बदलावी. तिथे केसाएवढी फट राहिली तरी महागात पडते, कारण तांब्यातून उष्णता हवेच्या सुमारे १५,००० पट सहज जाते.

मराठवाड्यातल्या घराघरांतला पाण्याचा कूलर इथे खरंच कामाला येतो. कोरड्या मेमध्ये तो खोली कित्येक अंशांनी उतरवतो आणि चिपचं तापमान जवळपास तेवढंच खाली येतं. झोत मात्र थेट कॅबिनेटवर नको, तुषार आत जातात. पावसाळ्यात हवाच दमट, तेव्हा त्याचा जोर ओसरतो.

सगळ्यात गमतीचा उपाय शेवटचा: चिपला कमी वीज द्यायची. चिपची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज १० टक्के उतरवलं तर काम करताना निघणारी उष्णता साधारण १९ टक्के घटते. बऱ्याच चिप तेवढ्या कमी व्होल्टेजवरही तोच वेग पेलतात, कारण कारखान्यात सर्वांत कच्च्या चिपचा विचार करून थोडं जास्तच व्होल्टेज ठरवलेलं असतं. प्रत्येक चिपची मर्यादा निराळी, म्हणून पायरीपायरीने उतरायचं. गेम बंद पडू लागला की एक पायरी मागे. सोबत एफपीएसला ६० ची मर्यादा घाला. नाहीतर गेमच्या नुसत्या मेनूवर, काही हलत नसताना, कार्ड सेकंदाला शेकडो चित्रं रंगवत खोली तापवत बसतं.