योसेफ हाइम ब्रेनर : खिळे जुळवणारे संपादक

जन्म 1881, युक्रेनमधल्या नोवी म्लिनी गावी, गरीब ज्यू घरात. झारच्या सैन्यात सक्तीची भरती झाली. रशिया-जपान युद्ध पेटल्यावर पळ काढून 1904 मध्ये लंडन गाठले.

तिथे व्हाइटचॅपेलच्या छापखान्यात खिळे जुळवून पोट भरताना 1906 मध्ये त्यांनी ‘हामेओरेर’ हे हिब्रू मासिक काढले. संपादन, जुळणी, गठ्ठे बांधून टपालात टाकणे, सारे त्यांच्याच हातचे! रशियातली हिब्रू नियतकालिके बंद पडत असताना या एकट्या माणसाने लेखकांना हक्काची जागा दिली.

1909 पासून मुक्काम पॅलेस्टाइनमध्ये. ‘हापोएल हात्साइर’ या पत्रात 1910 मध्ये त्यांनी ज्यूंच्या धर्मांतराचा बाऊ करू नका, असे लिहिले आणि पत्राला पैसे पुरवणाऱ्या ओडेसाच्या ज्यू समितीने ती मदत रोखली. लेखक मात्र ब्रेनर यांच्या पाठीशी उभे राहिले. हिब्रू पत्रकारितेतला हा सर्वांत तेजस्वी प्रसंग म्हणावा लागेल.

दोस्तोयेव्स्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’चा हिब्रू अनुवाद त्यांचा. जेरुसलेममधल्या दानावर जगणाऱ्या कुटुंबांची ‘शखोल वे-किशालोन’ ही कादंबरी 1920 मध्ये आली. पुढल्याच वर्षी, 2 मे 1921 रोजी, याफाच्या दंगलीत त्यांची हत्या झाली. वय अवघे 39.