धूळ ओढणारी यंत्रे आणि त्यांचे गणगोत

(द्वितीय वर्ष, कला)

माणसाला पोटापाण्याच्या उद्योगाबरोबर एखादा तरी छंद असावा, असे आपण थोरामोठ्यांकडून नेहमी ऐकतो. कुणी टपालाची तिकिटे जमवतो, कुणी जुनी नाणी, तर कुणी काडेपेट्यांवरची चित्रे. या छंदांना समाजात मान आहे. पण एखाद्या गृहस्थाने ‘मी जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवतो’ असे सांगितले तर आपण काय म्हणू? बहुधा हसू, आणि या माणसाच्या घरात केर फार होत असावा, असा तर्क करू! परंतु वाचकहो, इंग्लंड-अमेरिकेत असे संग्राहक खरोखरच आहेत. त्यांच्या घरांत शंभर-शंभर यंत्रे ओळीने मांडलेली असतात आणि नुसता आवाज ऐकून यंत्र कोणत्या कंपनीचे, हे सांगणारी माणसेही त्यांच्यात आहेत.

गेल्या वर्षी समाजशास्त्राच्या तासाला सरांनी सामाजिक समूहांचे प्रकार शिकवले. रक्ताचे नाते नाही, गाव एक नाही, जात एक नाही, तरीही केवळ एका आवडीपायी माणसे एकत्र येतात. अशा समूहाचे उदाहरण शोधता शोधता मी या संग्राहकांपर्यंत पोहोचले. प्रथम मलाही गंमत वाटली. पण जसजशी माहिती मिळत गेली, तसतसे हा विषय केवळ गमतीचा नाही असे जाणवू लागले. तीच माहिती येथे थोडक्यात मांडत आहे.

या यंत्राचा जन्म समजल्याशिवाय छंद समजणार नाही. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या अभियंत्याने एका यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले. ते यंत्र हवेच्या झोताने धूळ उडवीत असे. उडालेली धूळ अर्थातच पुन्हा खाली बसे. बूथच्या मनात आले, धूळ फुंकण्यापेक्षा ती ओढून का घेऊ नये? असे सांगतात, की एका उपाहारगृहात त्याने खुर्चीच्या मऊ गादीवर हातरुमाल ठेवला, त्याला तोंड लावले आणि जोराने श्वास आत ओढला. रुमालाच्या खालच्या बाजूस धुळीचा डाग उमटला. सिद्धांत खरा ठरला! त्याच वर्षी त्याने पेटंट घेतले. मात्र त्याचे यंत्र एवढे अगडबंब होते की ते घोडागाडीवर ठेवून रस्त्यातच उभे करावे लागे आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात सोडाव्या लागत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबेतील गालिचे याच यंत्राने स्वच्छ केले गेले.

राजाचे गालिचे स्वच्छ झाले, पण सामान्यांच्या घराचे काय? त्याचे उत्तर अभियंत्याने नव्हे, तर एका झाडूवाल्याने दिले. अमेरिकेतील ओहायो राज्यात कँटन नावाचे गाव आहे. तेथील एका मोठ्या दुकानात जेम्स मरे स्पँग्लर हा साठीच्या घरातला मनुष्य झाडलोटीचे काम करीत असे. त्याला दम्याचा विकार होता. गालिचे झाडताना उठणाऱ्या धुळीने त्याचा जीव मेटाकुटीस येई. शेवटी १९०७ च्या सुमारास त्याने पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एवढ्या साहित्यातून एका माणसाला हाती धरून फिरवता येईल असे यंत्र तयार केले. २ जून १९०८ रोजी त्याला पेटंट मिळाले. परंतु कारखाना काढण्याइतके भांडवल त्याच्यापाशी नव्हते. त्याच भागात विल्यम हूव्हर नावाचा चामड्याच्या वस्तूंचा व्यापारी राहत होता. त्याची पत्नी सुझन हिने हे यंत्र वापरून पाहिले, तिला ते पसंत पडले आणि हूव्हरने पेटंट विकत घेतले. स्पँग्लरला मोबदला मिळत राहिला. १९१५ मध्ये तो वारला. पुढे हूव्हर हे नाव इतके रूढ झाले की इंग्लंडमध्ये लोक यंत्राने घर झाडण्याच्या क्रियेलाच ‘हूव्हर करणे’ म्हणू लागले. ज्याच्या छातीत धूळ गेली, त्याचे नाव मात्र त्या क्रियेला लागले नाही.

ही हकीगत वाचताना मला माझी आई आठवली. ती एका कार्यालयात साफसफाईचे काम करते. सकाळी आठच्या आत तिला दोन मजले झाडून घ्यावे लागतात. त्यांतल्या एका मोठ्या खोलीत गालिचा आहे, म्हणून तेवढ्यापुरते तिला यंत्र मिळते. ‘धूळ ओढायचं मशीन’ असे ती त्याला म्हणते. स्पँग्लरची गोष्ट मी तिला सांगितली, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “झाडणाऱ्यालाच सुचणार ते. साहेबाच्या नाकात कुठं धूळ जाते?” लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो. ती चालवणाऱ्या हातांचा इतिहास मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला आजवर सापडलेला नाही. स्पँग्लरचे नाव मला सापडले, त्यात या वेड्या समजल्या जाणाऱ्या संग्राहकांचा मोठा वाटा आहे.

आता संग्राहक नेमके काय जमवतात ते पाहू. यंत्राची रचना सोपी आहे. मोटार पंखा फिरवते, पंखा आतली हवा बाहेर फेकतो, त्यामुळे आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा धुळीसह आत धावते. वाटेत पिशवी असते. तिच्या छिद्रांतून हवा निसटते आणि धूळ अडकते. छिद्रे बुजू लागली की ओढ कमी होते, म्हणून पिशवी झटकावी किंवा बदलावी लागते. या एकाच तत्त्वावर शेकडो नमुने निघाले. १९२१ मध्ये स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने जमिनीवरून घसरत जाणारे लांबट नळकांडे आणले. १९२६ मध्ये हूव्हरने गालिचा ठोकून धूळ मोकळी करणारा फिरता दांडा बसवला. १९३६ मध्ये हेन्री ड्रायफस या प्रसिद्ध रचनाकाराने त्याच कंपनीच्या यंत्राला नवे रूप दिले. इंग्लंडमध्ये हसऱ्या चेहऱ्याचा लाल ‘हेन्री’ आला आणि मुलांचा तो सवंगडीच झाला. जेम्स डायसनने लाकूड कापण्याच्या गिरणीत भोवऱ्यासारख्या फिरत्या हवेने भुसा वेगळा काढणारी यंत्रणा पाहिली होती. तेच तत्त्व घरगुती यंत्रात आणण्यासाठी त्याने ५,१२७ नमुने बनवले आणि १९९३ मध्ये स्वतःच्या नावाचे बिनपिशवीचे यंत्र इंग्लंडच्या बाजारात आणले. आपल्याकडे १९८२ मध्ये युरेका फोर्ब्स कंपनी सुरू झाली आणि गळ्यात टाय बांधलेले विक्रेते मुंबई-पुण्याच्या घरांची दारे ठोठावू लागले, हे जुन्या पिढीला आठवत असेल.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. प्रत्येक कंपनीच्या यंत्राची पिशवी निराळी, ब्रश फिरवणारा पट्टा निराळा. कंपनीने नमुना बंद केला की काही वर्षांनी पिशवी मिळेनाशी होते. म्हणजे मोटार धडधाकट, पण यंत्र निकामी! अशा वेळी कोणत्या दुसऱ्या यंत्राचा पट्टा त्याला चालतो, पिशवी घरी कशी शिवावी, मोटारीचे कार्बन कुठे मिळतील, हे सांगणारा माणूस लागतो. तिकिटे जमवणारा एकटा राहू शकेल. यंत्रे चालती ठेवणाऱ्याला सोबती लागतोच. या छंदाभोवती समूह तयार झाला तो केवळ गप्पांसाठी नव्हे, तर या गरजेपोटी.

पूर्वी हे सोबती मिळणे कठीण होते. सेंट लुईस शहरातील फॉक्स नाट्यगृहाचे ऑर्गनवादक स्टॅन कॅन हे या छंदाचे एक नामांकित उपासक. अमेरिकेतील दूरदर्शनवर जॉनी कार्सनच्या कार्यक्रमात ते आपली जुनी यंत्रे घेऊन येत आणि प्रेक्षकांना पोट धरून हसवीत. २००८ मध्ये ते निवर्तले. पण अशी प्रसिद्धी एखाद्यालाच लाभते. बाकीचे आपापल्या गावी एकटेच असत. विशेषतः शाळकरी मुले. चेंडूफळी सोडून भंगारातल्या यंत्राशी खेळणाऱ्या मुलाला वर्गात काय ऐकून घ्यावे लागत असेल, याची कल्पना आपण करू शकतो. इंटरनेट आले आणि अशा मुलाला प्रथमच कळले, की आपल्यासारखे आणखीही आहेत. यंत्राचे छायाचित्र रात्री टाकावे आणि सकाळी दूरदेशीच्या एखाद्या आजोबांचे उत्तर यावे, हा त्याच्या आयुष्यातला केवढा मोठा दिलासा!

मात्र जेथे चार माणसे जमतात तेथे मतभेदही येतात. यंत्र मूळ स्थितीत ठेवावे की नवा रंग देऊन चकचकीत करावे? पिशवीचे यंत्र श्रेष्ठ की बिनपिशवीचे? २०१४ मध्ये युरोपीय संघाने १,६०० वॉटपेक्षा अधिक शक्तीच्या यंत्रांवर बंदी घातली, २०१७ मध्ये ही मर्यादा ९०० वॉटवर आणली. वीज वाचवणे योग्य की ओढ टिकवणे योग्य, हाही वादाचाच विषय. यांतून ज्ञान वाढते तोवर ठीक. पण काही वेळा जाणता माणूस नवख्याला फटकारतो, तोच प्रश्न दहाव्यांदा आला म्हणून चिडतो, आणि नवखा पुन्हा त्या वाटेला जात नाही. उलट नवख्यांची गर्दी झाली की जाणते कंटाळून निघून जातात.

ही अडचण सर्वच छंदमंडळांची आहे आणि तिला एक मजेदार नावही आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील विद्यापीठांत संगणकांवरून चर्चा करण्याची यूजनेट नावाची व्यवस्था सुरू झाली. तेथे दर सप्टेंबरात नवे विद्यार्थी येत, काही दिवस गोंधळ घालत आणि मग जुन्यांकडून रीतभात शिकून रुळत. १९९३-९४ च्या सुमारास व्यापारी कंपन्यांनी आपल्या ग्राहकांसाठी ही दारे खुली केली. मग नवागतांचा ओघ बारमाही झाला. शिकवायला उसंतच उरली नाही. जुने लोक त्याला ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हणू लागले. आपल्या महाविद्यालयातही दरवर्षी प्रथम वर्षाचे विद्यार्थी येतात. त्यांना ग्रंथालयाचा अर्ज भरायला शिकवणारे कुणी भेटले तर ते टिकतात. हसणारेच भेटले तर गळतात. ज्यांच्या घरात पूर्वी कुणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

दुसरे संकट भांडणापेक्षा मोठे आहे. या मंडळांचे घर बहुधा भाड्याचे असते. जिओसिटीज नावाच्या जागेवर लाखो हौशी लोकांनी आपापली पाने तयार केली होती. २००९ मध्ये अमेरिकेत ती बंद झाली. हौशी स्वयंसेवकांनी धावपळ करून जेवढी पाने वाचवता आली तेवढी वाचवली. याहू ग्रुप्स ही अशीच असंख्य मंडळांची धर्मशाळा. २०१९ मध्ये तिथले जुने साहित्य काढून टाकण्याचे जाहीर झाले आणि डिसेंबर २०२० मध्ये ती कायमची मिटली. २०१७ मध्ये फोटोबकेट कंपनीने, तेथे साठवलेली छायाचित्रे इतरत्र दाखवण्यासाठी वर्षाला सुमारे ४०० डॉलर मागितले. एका फटक्यात असंख्य जुन्या चर्चांतील चित्रे नाहीशी झाली. ‘हा स्क्रू चित्रात दाखवल्याप्रमाणे काढावा’ हे वाक्य राहिले आणि चित्राच्या जागी पैशांची मागणी करणारी पाटी आली! त्यानंतर अनेक मंडळी मोठमोठ्या समाजमाध्यमांवर गेली. तेथे गर्दी आहे, पण कालचे उत्तर आजच्या ओघात बुडून जाते.

आपल्याकडे पुण्याला दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते यांसारख्या घरोघरच्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावे संग्रहालय उभे करून पुढे ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. म्हणून ते आज आपल्याला पाहता येते. वस्तूला अशी जागा मिळाली तर ती टिकते. वस्तू कशी वापरायची, कशी दुरुस्त करायची, हे ज्ञान मात्र माणसांच्या बोलण्यात असते, आणि बोलणे जपून ठेवणारे संग्रहालय अजून फारसे कुठे नाही. संग्राहकांच्या मंडळांचे खरे मोल मला येथे दिसते. जगाने टाकून दिलेल्या वस्तूविषयीचे ज्ञान ती जिवंत ठेवतात. पण लिहून, प्रती काढून, आपल्या हाताशी ठेवले नाही, तर तेही यंत्राच्या मागोमाग भंगारात जाते.

माझी आजी शिंदीच्या पात्यांच्या केरसुण्या बांधत असे. पाती कधी तोडायची, किती वाळवायची, मूठ कशी आवळायची, हे तिला पाठ होते. त्यातले निम्मे आईला ठाऊक आहे आणि मला त्याहून कमी. आपल्या वर्गात बुरुडाची, कुंभाराची, लोहाराची, शेतमजुराची मुले-मुली आहेत. त्यांच्या घरांतील हत्यारांची नावे आणि ती चालवण्याच्या रीती आपल्या ग्रंथालयातील एकाही पुस्तकात एकत्र सापडत नाहीत. यंदा आपण प्रत्येकाने घरातील एकाच अवजाराविषयी दोन पाने लिहावीत, ती वहीत बांधून ग्रंथालयात ठेवावीत आणि एक प्रत विभागात ठेवावी, अशी माझी प्राध्यापकांना आणि मित्र-मैत्रिणींना विनंती आहे. पहिली दोन पाने मी केरसुणीवर लिहायला घेतली आहेत.